श्यामचं कॉम्प्युटर पाणी पितं

“बघा, बघा, उभी राहिली,” असं आरती म्हणाली आणि नेमका तेव्हाच पडदा काळा झाला. बहारीनमधला श्याम अर्धं हसू घेऊन नाहीसा झाला. मैना खुर्चीचा पाय धरून त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. तिच्या लेखी बाबा म्हणजे शुक्रवारी दुपारी उजेडात येणारा आणि मध्येच विझणारा माणूस होता.

“पुन्हा बंद पडलं काय व?” स्वयंपाकघरातून सासूबाई, वच्छलाबाईंनी विचारलं. आरती पदरानं कॉम्प्युटरला वारा घालत होती.

हे कॉम्प्युटर श्यामनं स्वतः जोडलं होतं. तो लग्नांचं शूटिंग करायचा आणि एडिटिंग घरीच करायचा. अकोल्याच्या मे महिन्यात माणसाचंच डोकं चालत नाही, तिथे प्रोसेसरचं काय चालणार? म्हणून त्यानं त्यावर तांब्याचा एक ठोकळा बसवला होता. ठोकळ्याच्या आत केसाएवढ्या बारीक नाळ्या. शेजारच्या टाकीतलं पाणी पंपानं त्यांतून फिरायचं आणि प्रोसेसरची आग घेऊन परत यायचं. पुढे कापसानं सलग दोन वर्षं दगा दिला, लोक देवळात लग्नं उरकू लागले, आणि देवळातल्या लग्नाला शूटिंगवाला कोण बोलावतो? श्याम बहारीनला एका चॅनेलमध्ये रात्रपाळीला लागला. तेव्हा मैना आरतीच्या पोटात होती.

आता मैना चालण्याच्या बेतात होती. तिचं पहिलं पाऊल श्यामला दिसावं, एवढीच आरतीची इच्छा होती. पण घरातला फोन साधा बटणांचा, आणि कॉम्प्युटर तर पाच मिनिटंही तग धरत नव्हतं.

श्यामनं फोनवर टाकीतलं पाणी बघायला सांगितलं. आरतीनं बघितलं, तर संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी रिकामी झालेली. म्हणजे गळती. पाणी, वीज आणि रांगतं पोर! आरतीनं खोलीच्या दारात दोन पाट आडवे लावले, कॉम्प्युटरच्या डब्याखाली वर्तमानपत्र पसरलं, आणि दिवसातून दहादा जाऊन ते चाचपलं. वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत. टाकी मात्र रोज सकाळी रिकामी, आणि दुपारपर्यंत आपोआप भरलेली.

शेवटी एका सकाळी ती मैनेला कडेवर घेऊन पाटांवरून आत डोकावली. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले तिचे सासरे भगवंतराव कॉम्प्युटरपुढे मांडी घालून बसले होते. टाकीची तोटी उघडी होती आणि तिच्याखाली पेला.

“बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?”

“पाणी पिऊन राहिलो.”

“कॉम्प्युटरचं?”

“तांब्याचं,” भगवंतराव शांतपणे म्हणाले. “श्यामच म्हणे ना, आत अस्सल तांबं हाये म्हून. आपल्या घरचा तांब्या रातभर नुसता बसून राह्यते. हे पाणी तर तांब्यातून फिरून येते. पोट कसं हलकं झालं माह्यं.”

तेवढ्यात मागून वच्छलाबाई भरलेला मग घेऊन आल्या. त्यांनी पेला बघितला, नवऱ्याला बघितलं.

“म्हंजे तुमी पेता व्हय ते? मी समजो मशीन पेते. कूलर नाही का पेत? म्हून मी रोज भरून ठेवो.”

“आई, कुठलं पाणी भरता?” आरतीनं हळूच विचारलं.

“बोअरचं. नळ आठ-आठ दिवस येत नाही. गोड पाणी मशीनले कायले घालू?”

भगवंतरावांचा पेला हवेतच थांबला. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी त्यांच्या घरात भांडी घासायलाही कुणी राजीखुशीनं घेत नसे. आणि बागेतल्या बाकावर ते चारचौघांना सांगत आले होते, की हे पाणी जरासं खारट लागतं, तोच तांब्याचा गुण. एकदोघांनी श्याम असला ठोकळा कुठून मागवतो, याची चौकशीही केली होती.

“तरीच,” एवढंच म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला.

आरतीनं घाबरून श्यामला फोन लावला. त्यानं टाकीत औषध-रंग काही घातलेलं नाही, असं शपथेवर सांगितलं. मग तो इतका वेळ हसला, की तिला त्याचा हेवा वाटला आणि रडूही आलं. ते हसू बघायलाच तर मिळत नव्हतं.

त्याच्या सांगण्याप्रमाणे तिनं स्क्रू काढून ठोकळा उघडला. नाळ्या पांढऱ्या खारानं गच्च बुजलेल्या. पाणी आत जाणार कुठून? पण तांबं म्हटलं की पुढची हद्द वच्छलाबाईंची. त्यांनी तो चिंचेच्या पाण्यात भिजवला, ब्रशनं नाळी न् नाळी घासली, आणि देवघरातल्या कलशासारखा लखलखीत करून दिला. भगवंतराव बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर घेऊन आले. ते त्यांनी वाटेत चाखलं नाही, असं न विचारताच सांगितलं.

इकडे मैनेनं बुधवारीच खुर्ची सोडली. पाऊल उचलणार, तोच आजोबांनी तिला वरच्या वर उचललं.

“शुक्रवारपावतर थांब, बाई. पहिले माह्या पोरानं पाह्यलं पाह्यजे.”

मग घरात तोच उद्योग. ती उभी राहिली, की कुणीतरी धावून तिला कडेवर घ्यायचं. मैनेला वाटलं असणार, उभं राहिलं की उचलून घेतात, हीच जगाची रीत.

शुक्रवारी कॉम्प्युटर लागलं, आणि चालूच राहिलं. पाच मिनिटं गेली, अर्धा तास गेला. रात्रपाळी करून आलेला श्याम लाल डोळ्यांनी बघत होता. मैनेला उभं केलं, की ती हात वर करायची. खुळखुळा दाखवला, बिस्किट दाखवलं. भगवंतरावांनी स्वतः चालून दाखवलं. मैना बसूनच. सांगण्यासारखं सारं सांगून झालं. आजवर शब्द उरायचे आणि वेळ संपायचा. आज वेळ उरला होता. वच्छलाबाईंनी खाली मान घालून तांदूळ निवडायला घेतले.

आरतीनं वर बघितलं, तर पडद्यावर श्यामचं डोकं टेबलावर टेकलेलं. तोंड किंचित उघडं. घरी उशीत डोकं खुपसून झोपायचा, अगदी तसा.

त्या शांततेत मैना उठली. कुणाचंही लक्ष नाही, कुणीही उचलत नाही, हे तिनं एकदा बघून घेतलं. मग एक पाऊल, थांबून दुसरं, आणि सरळ पडद्यापाशी जाऊन तिनं बाबाच्या केसांवर तळवा ठेवला.

“अरे शाम्या, ऊठ ना बे...” भगवंतराव ओरडणार, तोच आरतीनं ओठांवर बोट ठेवलं.

“झोपू द्या, बाबा,” ती म्हणाली. “किती दिवसांनी घरी झोपले.”