मुकी जागा नापास

म्हसकर शाळेच्या फरशीवर आडवा झाला, डोळे मिटले आणि पोटावर हात ठेवून पाच मिनिटं तसाच पडून राहिला. दुपारचे दोन वाजलेले. शेजारी सरपंच, शाळेचा शिपाई आणि मी असे तिघं उभे. शाळा नवी, फरशी गार, नळाला पाणी, दाराला कडी. सरपंचांनी मला हळूच विचारलं, यांना बरं वाटत नाही का? मी म्हटलं, तसं नाही, ते जागा तपासतायत. तेवढ्यात म्हसकर उठला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "जागा मुकी हाय. नापास."

सरपंचांचं तोंड उतरलं. बिचाऱ्यांनी सकाळीच झाडून घेतलं होतं.

गेली सहा वर्षं आम्ही पाच निवृत्त मंडळी पौषात रोह्याहून पेणला सायकलने जातो आणि परत येतो. हमरस्त्याने नाही. तिथे डोलवीकडचे ट्रक अंगावर येतात आणि आमच्या वयाला ते झेपत नाहीत. आम्ही आतल्या रस्त्यांनी, वालाच्या शेतांमधून, रमतगमत जातो. पाच दिवस, चार मुक्काम. मुक्काम ठरवायचं खातं म्हसकरकडे. धाटावला एका रसायनांच्या कंपनीत सारा जन्म शिफ्टमध्ये गेल्यामुळे तपासणी त्याच्या अंगात मुरलेली. महिनाभर आधी तो सगळा रस्ता मला घेऊन फिरतो. मीच का, तर मी पंचायत समितीत कारकून होतो, गावोगाव ओळखी आहेत, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही. माझ्या बायकोच्या मते शेवटचं कारण खरं.

आधी तो असा नव्हता. पहिली तीन वर्षं त्याने शाळा, देवळाचे मंडप, अशा चारचौघांसारख्या जागा निवडल्या. मग त्याची बायको गेली आणि त्याची आवडच बिघडली. शांत जागा दिसली की तो भडकायचा. त्याला पाहिजे भरलेलं घर, आणि तेही गोंगाटाचं. नागोठण्याच्या अलीकडे एका वाडीत दोन भावांचं एकत्र घर आहे. माणसं अकरा. दोन जावांचं हंड्यावरून भांडण, म्हातारीचा खोकला, पाळण्यात तान्हं, वर टीव्ही. त्या घराला म्हसकरने उभ्या उभ्या पास केलं. फर्स्ट क्लास, म्हणाला.

घरातल्या बाईला त्याचे प्रश्न ठरलेले. वहिनी, माणसं किती? रात्रीचं उठणारं कोण? म्हातारं माणूस हाय का? तान्हं हाय का? एका वहिनींनी घाबरून रेशनकार्ड आणून दाखवलं. दुसरीकडे आम्ही मुलगी बघायला आलोय असं समजून कांदेपोहे आले. म्हसकरने ते खाल्ले आणि घर नापास केलं, कारण थोरला मुलगा कुटुंब घेऊन पनवेलला गेला होता आणि उरली होती तीनच माणसं.

आता सांगा, दिवसभर सायकल मारून आलेल्या साठीच्या माणसांना अशा घरात झोप लागेल? सकाळी आमचे चौघांचे डोळे लाल आणि म्हसकर एकटा टवटवीत. त्याचं ते टवटवीत तोंड बघून माझं डोकं फिरायचं. शेवटी यंदा बाकीच्या तिघांनी बंड केलं. त्यांचा म्होरक्या शिर्के. त्याने कोलाडच्या बाजूला नदीकाठी एक फार्महाऊस शोधलं. गाद्या, गरम पाणी, माणसाचा आवाज नाही. चारही रात्री तिथेच राहायचं आणि दिवसा आसपास सायकली फिरवायच्या. मीही हात वर केला, खोटं कशाला बोलू? म्हसकर एवढंच म्हणाला, "मग मी नाय." आणि त्याला पटवायची कामगिरी अर्थातच माझ्या गळ्यात पडली.

एकदा बघ तरी, मग नापास कर, असं म्हणून मी त्याला तिथे घेऊन गेलो. राखणदाराने कुलूप काढलं. जागा खरोखर देखणी. म्हसकर आडवासुद्धा झाला नाही. रात्री इथे कोण असतं, एवढंच त्याने विचारलं. राखणदार म्हणाला, कोण नाय, मी सांजच्याला घरी जातो. मग म्हसकर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत शेगडी, खाली सिलिंडर. तो आत जाईना.

"सावंत, वास येतोय का?"

मी म्हटलं, कसला? नाही.

"नीट घे."

मी नीट घेतला. नाही, म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. तुला नाक नाही का, म्हणालो.

"नाय," तो म्हणाला. "कंपनीतच गेलं. पंधरा वर्षं झाली."

पंधरा वर्षं! शेतात जाळावर भाजलेल्या पोपटीचं मडकं उघडलं की आम्ही सगळे वालाच्या शेंगांचा वास घेऊन आहाहा करायचो आणि हा आमच्या तोंडाकडे बघत बसायचा. ते मला आत्ता कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. तो बोलत होता ते माझ्याकडे न बघता. बायको होती तोवर नाक तिचं होतं. दूध लागलं, भाजी आंबली, सगळं ती सांगायची. ती गेल्यावर एकदा याने शेगडी चालू केली, लायटर पेटेना, तेवढ्यात बडोद्याहून लेकीचा फोन आला. हा बाहेर येऊन बोलत बसला. शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडत धावत आली म्हणून वाचला.

"तवापासून झोप नाय. रेग्युलेटर बंद हाय हे माहीत असतं, तरी चारदा उठून बघतो. त्या वाडीत झोपतो बघ मी. तिथं अकरा नाकं हायत."

लेकीला सांगितलंस का, मी विचारलं. नाय, म्हणाला, घाबरंल ती. मग माझ्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे येत जा झोपायला. म्हसकर पहिल्यांदा हसला. तुझं घर मी केव्हाच तपासलंय, म्हणाला. माणसं दोन, दोघं गोळी घेऊन झोपता, आणि तुला बारमाही सर्दी. नापास.

शिर्केला मी कळवलं की फार्महाऊस नको. कारण सांगता येईना, म्हसकरने कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं. मग मी पाणी खराब आहे असं काहीतरी ठोकून दिलं. कुणाला ते पटलं नाही. ते तिघे गाडी करून फार्महाऊसवर गेले आणि आमच्यातलं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. सायकलीवर निघालो आम्ही दोघंच. सहा वर्षांची गंमत अशी वाऱ्यावर गेली आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

पहिला मुक्काम वाडीतला. दिवेलागणीला आम्ही ओटीवर चटई टाकून बसलो होतो. धाकटी सून जावेशी भांडण्याच्या नादात भात विसरली. म्हातारी आमच्या शेजारूनच ओरडली, "अगो, भात लागला गो!" मग परसातून थोरला ओरडला, मग वरून नातू. पाळण्यातलं पोरसुद्धा रडायला लागलं. म्हसकर एकेकाकडे वळून बघत होता. सून धावत आत गेली, शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला. म्हसकरने चादर ओढली आणि आडवा झाला.

पानं वाढली तेव्हा तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. थोरल्या वहिनी त्याला उठवायला आल्या. पाहुणा उपाशी कसा झोपवायचा, म्हणाल्या.

"राहू द्या, वहिनी," मी म्हटलं. "यानंतर झोपेच्या तीनच रात्री उरल्यात त्याच्या."

त्यांना काही उमगलं नाही. त्याचं ताट झाकून ठेवायला त्या आत गेल्या.