सेटिंग सुरक्षित आहे

ऑफिसची वस्तू घरी आणू नये, हे मला आता पटलंय. पण त्या दिवशी मला अक्कल सुचली होती, आणि मला अक्कल सुचली की घरादाराला त्रास होतो, असं आमच्या बायकोचं, द्रौपदीचं, म्हणणं आहे.

मी वडपे गावातल्या पंढरीशेठच्या गोडाऊनमध्ये क्लार्क. आमच्याकडे मुंबईच्या एका कंपनीचा माल असायचा. रोज संध्याकाळी सहाच्या आत शिल्लक मालाची फाईल कम्प्युटरवरून मुंबईला पाठवायची, असा करार होता. त्यासाठी एक प्रोग्रॅम होता आणि त्याच्या पोटात सेटिंग होतं: फाईल कुठे जाणार, कोणाच्या नावाने जाणार, पासवर्ड काय. हे सगळं भरून देणारा इंजिनियर पुढे दुबईला गेला, आणि जाताना पासवर्डही घेऊन गेला.

शेठनी मला बजावलं होतं, "केसरीनाथ, फाईल चुकली तर करार जाईल. करार गेला तर तुला ठेवून मी काय करू?"

म्हणून मी सेटिंगचा बॅकअप घेतला. फ्लॉपीवर. (हे 'बॅकअप' मी इतक्या वेळा बोलायचो की हमाल मला बॅकअपशेठ म्हणायला लागले होते.) मग विचार केला, उद्या गोडाऊनला आग लागली तर? फ्लॉपी घरी आणली आणि कपाटाच्या लॉकरमध्ये द्रौपदीच्या दागिन्यांच्या डबीत ठेवून दिली. ही म्हणाली, एवढ्याशा चौकोनी तुकड्यात काय आहे? मी म्हणालो, माझी नोकरी आहे. तिने फ्लॉपी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, तरीच वजन लागत नाही.

खंडेनवमीला गोडाऊनमध्ये पूजा झाली. काटा, हातगाड्या, टेम्पो सगळ्यांना झेंडूचे हार घातले. शेठ म्हणाले, खरं हत्यार तर कम्प्युटर आहे. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि भक्तीच्या भरात कम्प्युटरच्या डब्याच्या कडेवरच नारळ फोडला. सगळं पाणी वरच्या फटीतून आत गेलं. आतून चर्र आवाज आला, धूर आला आणि देवाने प्रसाद घेतला.

शेठचा चेहरा उतरला. मला मात्र, खोटं कशाला बोलू, थोडा आनंदच झाला. इतके दिवस बॅकअप, बॅकअप करत होतो, त्याचं आज चीज होणार होतं. शेठ मुंबईला फोन लावायला निघाले, तर मीच अडवलं. म्हटलं, नारळाच्या पाण्याने मशीन गेलं हे सांगणार का त्यांना? सेटिंग सुरक्षित आहे. कामतघरच्या हिरामणचं कम्प्युटरचं दुकान होतं. त्याच्याकडून दुसरा कम्प्युटर भाड्याने मागवा, तोवर मी घरून फ्लॉपी आणतो.

घरी आलो तर लॉकर रिकामा. द्रौपदी सणाला माहेरी गेली होती. घर बंद असताना किमती वस्तू मागे ठेवायची नाही हा तिचा नियम, म्हणून डबी बरोबर नेलेली. माहेर अकलोलीला. मी शेठचा टेम्पो घेतला आणि निघालो.

सासूबाईंच्या ओसरीवर पूजा मांडलेली होती. पाटावर कोयते, विळे, खुरपी, सासऱ्यांची करवत आणि मधोमध, फुलं वाहिलेली, माझी फ्लॉपी.

"जावयाचा हत्यार हाय," सासूबाई म्हणाल्या. "द्रौपदीनं सांगतला, याच्यावरच पोट हाय त्यांचा. मंग नको पूजायला?"

मी हात पुढे केला. त्यांनी तो वरच्या वर धरला. पुजलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरवल्याशिवाय हलवायचं नसतं. मी नोकरीची गोष्ट सांगितली, कराराची सांगितली, जवळजवळ रडलो. द्रौपदी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी सासूबाईंनी वाट काढली: हलवायचंच असेल तर आंघोळ करून, आरती करून, पाटावर नारळ ठेवून क्षमा मागायची.

अकलोलीत आंघोळ म्हणजे गरम पाण्याचं कुंड. त्या पाण्यात लोक सावकाश, चवीने उतरतात. मी एकदम उतरलो आणि तसाच बाहेर आलो, लालबुंद. आरती म्हटली. नारळ ठेवला. (नारळ बघूनच अंगावर काटा आला.) मग जेवल्याशिवाय जावयाने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून जेवलो. पानात वडे पडत होते आणि मी घड्याळ गिळत होतो.

सहा वाजायला थोडाच वेळ असताना वडप्याला पोचलो. भाजलेलं अंग, भरलेलं पोट आणि खिशात फ्लॉपी. हिरामणने कम्प्युटर जोडून प्रोग्रॅम टाकून ठेवला होता. सेटिंगचे सगळे रकाने कोरे होते. हमालसुद्धा खिडकीशी जमले होते. मी फ्लॉपीचं कुंकू रुमालाने पुसलं आणि आत सरकवली.

फ्लॉपी उत्तम चालली. आत एकच चित्र होतं, आमच्या प्रोग्रॅमचं, कोपऱ्यात छोटा बाण असलेलं. मी शेठकडे अभिमानाने पाहिलं.

हिरामणने ते दोनदा दाबून बघितलं. मग खुर्ची मागे घेतली.

"केसरीभाऊ, हा शॉर्टकट आहे," तो म्हणाला. "प्रोग्रॅम कुठे आहे ते दाखवणारा बाण. तुम्ही बाणाचा बॅकअप घेतलाय."

"आणि सेटिंग?"

"ते तिथेच होतं. जिथे नारळ फोडला."

मला त्या क्षणी कुंडात परत जावंसं वाटलं. शेठनी फोन ओढला आणि मुंबईला लावला. माझी नोकरी फोनच्या त्या रिंगमध्ये वाजत होती. शेठ अडखळत म्हणाले, साहेब, आज फाईल येणार नाही. तिकडून साहेब काहीतरी बोलले. शेठनी पुन्हा विचारलं. मग बराच वेळ नुसते ऐकत राहिले आणि फोन ठेवला.

"ते म्हणतात, कसली फाईल? ते फॅक्स बघतात. मी रोज संध्याकाळी सवयीने शिल्लक मालाचा एक कागद फॅक्स करतो ना, तोच. फाईल त्यांनी आजवर उघडलेलीच नाही."

करार वाचला. माझी नोकरीही वाचली. दसऱ्यानंतर हिरामण आपला कम्प्युटर घेऊन गेला आणि शेठनी फॅक्सचं काम माझ्याकडे दिलं. त्याला सेटिंग नाही, पासवर्ड नाही, एकच बटण दाबायचं. त्या बटणावर शेठनी स्वतःच्या हाताने लाल चिकटपट्टी लावून दिली आहे, मला सापडावं म्हणून.