रस्त्यात बसलेली म्हैस

एका जंगलात एक सिंह राज्य करत होता, असं म्हटलं की तुम्ही लगेच जांभया देता. पण बाळांनो, जरा दम धरा. या सिंहाला युद्ध करायचं होतं.

कारण फार गंभीर होतं. नदीपलीकडच्या सिंहाची डरकाळी याच्यापेक्षा मोठी ऐकू यायची. राजज्योतिषी घुबडाने पौर्णिमेचा मुहूर्त काढला. हा चुकला तर पुढचा वर्षाने, असंही सांगितलं. मग घरटी एक मुलगा सैन्यात द्यावा, अशी दवंडी पिटली.

गोदा म्हशीला एकच टोणगा होता, भिका. आधीची पारडी जगली नव्हती. हा नवसाने जगला होता. तिने दरबारात जाऊन हात जोडले, पण तिथे देशभक्तीवर भाषण ऐकवून तिला परत पाठवलं.

मग गोदा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यात जाऊन बसली. अरुंद रस्ता, त्यात म्हैस. ओरडली नाही, शिंग उगारलं नाही. नुसती बसून रवंथ करू लागली.

फौजदार तरस रानकुत्र्यांची तुकडी घेऊन आले. जमावबंदी आहे, पाच जणांनी एकत्र बसायला मनाई आहे, असं त्यांनी बजावलं. गोदा म्हणाली, मी तर एकटी आहे. फौजदारांनी तिला मागून पुढून पाहिलं आणि हिच्यात पाच हरणं सहज मावतात, सबब हा जमावच आहे, असा पंचनामा केला. तोंड हलतंय, म्हणजे तोंडातल्या तोंडात घोषणाही चालू आहेत, असं खाली लिहिलं.

मग लाठीमार झाला. म्हशीची कातडी जाड असते हे खरं, पण लागायचं ते लागतंच, बाळांनो. गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक लाठी मोडली, तेव्हा तिच्यावर सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हाही लागला.

तरी ती उठेना. शेवटी फौजदारांनी हत्तीला बोलावून पाण्याचा मारा सुरू केला. ऐन उन्हाळा, आणि पाणी कुणावर, तर म्हशीवर! गोदाने सुखाने डोळे मिटले. ही बातमी पसरताच जंगलातल्या सगळ्या म्हशी आणि रानडुकरं येऊन तिच्याशेजारी बसली. निम्म्यांना युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं. पण बसल्यावर गप्पा होतातच, आणि घरोघरचा मुलगा जाणार आहे हे त्यांना तिथे कळलं.

आता रानकुत्रे कमी पडू लागले. फौजदारांनी बंदोबस्तासाठी सैन्य मागवलं. त्यात भिकाही होता. त्याला नेमका आईसमोर उभा केला.

"आई, ऊठ की," तो हळूच म्हणाला. "सगळे माझ्याकडे बघताहेत."

"तू इथं उभा आहेस ना, तोवर मी इथंच बसणार," गोदा म्हणाली.

पौर्णिमा आली आणि गेली. सगळं सैन्य म्हशींवर लक्ष ठेवून होतं, नदीवर जायला कुणी मोकळं नव्हतं. पलीकडचा सिंह वाट पाहून कंटाळला आणि झोपायला गेला. सीमेवर शांतता राखल्याबद्दल फौजदार तरसांना पदक मिळालं.

शांतताभंगाबद्दल गोदावर खटला चालला. न्यायाधीश कोल्ह्याने तिला वर्षभराची कैद ठोठावली.

गोदाने एवढंच विचारलं, "पहाऱ्याला कोण असेल?"

"तुला आवरेल असा दुसरा आहे कोण?" कोल्हा म्हणाला. "तुझाच टोणगा."

"मग वर्ष कमी होतं, महाराज," गोदा म्हणाली. "जन्मठेप द्या."

तात्पर्य : मुलांनो, रस्त्यात कधीही बसू नये. बसायचंच झालं, तर चांगलं ऐसपैस बसावं. म्हणजे बंदोबस्त मोठा लागतो आणि लढायला कुणी शिल्लक राहत नाही.