कारल्याचा रस आणि अठ्ठावीस किलोमीटर

कमलाकर टिपणीस उरणहून पनवेलपर्यंत अठ्ठावीस किलोमीटर चालत आले ते गरीब किडनी रुग्णांच्या मदतीसाठी, असं त्यांच्या गळ्यातल्या पदकावर छापलं होतं. खरं सांगायचं तर ते चालले होते कारल्याच्या रसासाठी. दोन वर्षांपूर्वी साखर काठावर आली, आणि तेव्हापासून त्यांच्या पत्नी आशालताबाई रोज सकाळी पेलाभर रस त्यांच्या घशाखाली उतरवत होत्या. "उरणपासून चालत आलो तर रस बंद करशील?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कोथिंबीर आणायला रिक्षा करता. चालून दाखवा, बंद करते."

आणि हा गृहस्थ खरोखर चालला. दुपारी बाराला पनवेलच्या मैदानावर त्यांनी बूट काढले, टाळ्या घेतल्या, पदक घेतलं, दोन केळी खाल्ली. मग बूट घालायला गेले तर सुजलेले पाय काही आत जाईनात. शेवटी बूट हातात घेऊन अनवाणीच ते रस्त्यावर आले. घर करंजाड्यात, म्हणजे अगदी हाकेच्या अंतरावर.

"एवढ्या जवळचं भाडं नाही घेत," रिक्षावाला म्हणाला. "वीस मिनिटांत चालत जाल, काका."

तिसऱ्या रिक्षावाल्यानेही हाच आरोग्यदायी सल्ला दिला, तेव्हा कमलाकर फुटपाथवर बसले. तेवढ्यात ठमाबाईंचा टेम्पो आला. ठमाबाई दर रविवारी उरणची मासळी आणून कमलाकरांच्याच सोसायटीच्या गेटसमोर विकत.

"काय ओ सायेब, हितं कशाला बसलेत? या, आमी तिकडंच चाललोय," त्या म्हणाल्या. "पाय बर्फाव ठेवा. म्हावऱ्याव नको."

बर्फावर गोणपाट होतं, गोणपाटावर कमलाकरांचे पाय. दोन वर्षांत इतकं सुख त्यांना झालं नव्हतं. चालायचं तर संपलंच होतं, आता टेम्पोत बसलं तर काय बिघडतं, असा विचार करून त्यांनी डोळे मिटले. शहाणी माणसं अशाच वेळी फसतात.

सोसायटीच्या गेटवर आशालताबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. शेजारी सेक्रेटरी अविनाश आणि आठदहा बिऱ्हाडं. टेम्पो थांबला. त्याच्या कपाळावर ठळक अक्षरांत 'उरण' लिहिलेलं, आणि बोंबलांच्या पाटीमागून पदक घातलेले कमलाकर उतरले.

"काका, सगळेच असे आले की फक्त तुम्ही?" अविनाशने विचारलं.

"मी पनवेलला बसलो रे."

"हा, पनवेललाच बसले ते," ठमाबाईंनी साक्ष दिली.

"बघा, पढवूनसुद्धा ठेवलंय," अविनाश म्हणाला. ताट तसंच घरात गेलं.

कमलाकर मुकाट्याने गरम पाण्यात पाय सोडून बसले. उद्याचा पेला त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत होता. अर्ध्या तासाने अविनाश मोबाइल घेऊन वर आला. त्याचा चेहरा उतरला होता. आयोजकांनी फोटो टाकले होते, आणि प्रत्येक टप्प्यावर कमलाकर घामाघूम चालताना दिसत होते.

"चुकलं माझं, काका."

आशालताबाईंनी फोटो दोनदोनदा पाहिले. त्यांचा ऊर भरून आला. "खरंच चाललात हो तुम्ही."

"मग रस बंद," कमलाकर म्हणाले.

"बंद कसा करू? अठ्ठावन्नाव्या वर्षी अठ्ठावीस किलोमीटर कशाच्या जोरावर चाललात? दोन वर्षं घासलीत मी त्या कारल्यांपायी. आता संध्याकाळीही देत जाईन."

"काकू, आमच्या बाबांनाही सुरू करतो," अविनाश म्हणाला.

कमलाकरांनी पाण्यातले पाय बाहेर काढले. मग त्यांनी शांतपणे अब्रूवर पाणी सोडलं.

"फोटोपुरता उतरत होतो," ते म्हणाले. "बाकी सगळा वेळ टेम्पोतच होतो. दोन किलोमीटरसुद्धा चालवेना मला. कसला जोर नि कसलं काय. तुझ्या रसाचा काडीचा उपयोग नाही."

"मला वाटलंच होतं," अविनाश खूश होऊन खाली गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळणार होतं.

आशालताबाई स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजमधली कारली त्यांनी एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. कमलाकरांना फार वाईट वाटलं, पण खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही. रात्री मात्र त्यांना गाढ झोप लागली.

पहाटे साडेपाचला दिवा लागला. टेबलावर पेला नव्हता. आशालताबाई साडी खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होत्या.

"उठा," त्या म्हणाल्या. "तुमचं पटलं मला. रसाने काही होत नाही, चालायलाच हवं. आजपासून रोज एक तास, आणि मी बरोबर येणार."

"अगं, आज नको. पाय ठणकताहेत नुसते."

"ते कशाने?" आशालताबाईंनी विचारलं. "काल तर दिवसभर बसूनच होतात."