बनूबाईचं बायबलचं पारायण

बनूबाईच्या नवऱ्याने, महिपतीने, अट घातली ती भर ओटीवर, चार माणसांदेखत.

"एवढी पोथी आणलीस ना गो? मग सात दिसांत पारायण कर. नाय जमलं तर वर्ग बंद."

"करतंय," बनूबाई म्हणाली. पानं किती ते तिने पाहिलंच नव्हतं. पाहिली तेव्हा बाराशे निघाली.

अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत तुळशीबाई उजागरे प्रौढांचा वर्ग चालवत. मोरिवलीहून बनूबाई तिथे आठ महिने जात होती, आणि चाळिशीत मिळालेलं ते सुख सोडायला ती मुळीच तयार नव्हती. बालबोध पुस्तक संपल्यावर तिने काहीतरी जाड मागितलं. तुळशीबाई ख्रिस्ती. त्यांच्या घरात सर्वांत जाड होतं ते मराठी बायबल, ते त्यांनी दिलं. मोरिवलीत जाड पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे सप्ताह. भात झोडून माणसं रिकामी होती. चौरंग आला, निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंध्याच्या दुकानातलं लाल फडकं आलं, झेंडूचं फूल आलं. बायबलाचा असा थाट आजवर कुणी केला नसेल.

दुसऱ्या दिवशी बनूबाई धापा टाकत वर्गात पोचली.

"बाई, हे पहिल्या पानापासूनच वाचायचं का?"

"छे हो! येशूच्या गोष्टीपासून सुरू करा, ती शेवटाकडे आहे. आणि नावांच्या याद्या गाळा." तुळशीबाईंनी आवाज खाली आणला. "मीसुद्धा गाळते."

"पोथीतलं गाळायचं? पाप नाय लागत?"

"अहो, मूळ हिब्रू नि ग्रीक. आपल्याकडे आहे ते भाषांतर. जुनं भाषांतर वेगळं, नवं वेगळं."

"मग खरं कुठलं?"

"तुम्हाला समजेल ते वाचा."

बनूबाईने गाळलं काहीच नाही, पण समजण्याचं मनावर घेतलं. पुस्तकी मराठीने ओटीवरची मंडळी पेंगत होती. ती एक ओळ वाचायची आणि तीच मोरिवलीच्या बोलीत सांगायची. वेग निम्म्यावर आला आणि माणसं दुप्पट झाली.

त्यात नावांच्या याद्या लागल्या. जगभर लोक जी पानं उलटून टाकतात, तिथे मोरिवली ताठ बसली. गावातल्या सगळ्या सोयरिकी तोंडपाठ असलेला म्हातारा कोंडाजी प्रत्येक नावाला हात वर करी. "थांब गो! हा कुणाचा पोर?" मग जमिनीवर खडे मांडून तो वंशावळ लावी.

पाचव्या दिवशी पोथीतल्या थोरल्या भावाने डाळीच्या आमटीपायी थोरलेपणाचा हक्क धाकट्याला देऊन टाकला. महिपतीला धाकटा भाऊ होता. महिपती उठून उभाच राहिला.

"आमटीपायी? आनि सातबाऱ्यावर नाव चढलं त्याचं?"

त्या दिवशी पान पुढे गेलंच नाही.

सातव्या दिवशी ओटी, अंगण, गोठ्याची पडवी भरून गेली होती. पोथीत भावांनी विकलेला पोरगा परदेशात मोठा कारभारी झाला होता. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे उभे होते आणि त्यांना त्याची ओळख पटत नव्हती. बनूबाईने फडकं गुंडाळलं.

"सात दिस झाले. पन्नास पानं झाली. मी हरलंय. उद्यापासून वर्ग बंद."

सगळं अंगण महिपतीकडे वळलं. पण सर्वांत आधी ओरडला तो महिपतीच.

"अगो, पन त्यांनी वळखला का नाय त्याला?"

"काय म्हाईत? पुढचे शब्द लय कठीण हायत. बाईंना इचारल्याबिगर नाय येयाचं वाचाया."

"मग जा ना उद्या! लवकर जा. भाकऱ्या मी भाजतंय."

"आनि सप्ता?"

"सप्ता कोन मोजतंय?" महिपती म्हणाला. कोंडाजीने खडे जपून धोतराच्या सोग्यात बांधले.

दुसऱ्या दिवशी बनूबाई वर्गात सर्वांच्या आधी हजर.

"कुठं अडलं, दाखवा," तुळशीबाई म्हणाल्या.

"कुठंच नाय, बाई. त्या भावांची वळख पटते ते पान मी काल सकाळीच वाचलंय," बनूबाई म्हणाली आणि ऐटीत पहिल्या बाकावर बसली.