पेरुंगुडीतली दहा मिनिटांची शांतता

शांतता सर्वांनाच प्रिय असते, आणि ती शेजाऱ्याने राखावी याबद्दल कुठेही दुमत नाही.

पेरुंगुडीतल्या आमच्या सोसायटीच्या बत्तीस घरांची वीज मंगळवारी गेली. जमिनीखालची केबल कुठेतरी बिघडली होती. बुधवारी दुपारी विजयेंद्र नावाचा इंजिनिअर यंत्र घेऊन आला. पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. केबलमध्ये विजेचे जोरदार ठोके सोडायचे. बिघाडाच्या जागी जमिनीखाली 'धप्' होतं. ते मायक्रोफोन जमिनीला टेकवून हेडफोनमधून ऐकायचं आणि तिथे खणायचं.

विजयेंद्रला ऐकू आले एकोणीस जनरेटर. (वीज नाही म्हणून ते चालू होते. ते चालू होते म्हणून वीज येत नव्हती. यात कोणाचाही दोष नाही.)

"दहा मिनिटं सगळे बंद करा," तो म्हणाला.

सेक्रेटरी गुरुमूर्तींनी तातडीची बैठक घेतली. ती दीड तास चालली. जनरेटर बंद करावेत, असा ठराव एकमताने झाला. सुरुवात इतरांनी करायची होती. काही रास्त सवलतीही मंजूर झाल्या. एकाची सिरुसेरीच्या ऑफिसशी ऑनलाइन मीटिंग होती, एकीकडे इडलीचं पीठ वाटलं जात होतं, आणि गुरुमूर्तींच्या माशांना हवा लागत होती.

पहिल्या मजल्यावरच्या सकवारबाई एक्याऐंशी वर्षांच्या, ऑक्सिजनच्या मशीनवर. त्यांना बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बाल्कनीतून विजयेंद्रला विचारलं, "का रे अप्पा, कोणी ऐकत नाहीत काय?"

"तुमचं राहू द्या, अम्मा. बाकीच्यांनी केलं तरी पुरे."

"ते करणार नाहीत. मी करतें. दहा निमिष ना?"

त्यांनी आपला जनरेटर बंद केला, नाकातली नळी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी खुर्ची ओढून बसल्या.

पहिली चार मिनिटं लोकांनी पाहिलं नाही. मग त्यांचे ओठ निळसर दिसू लागले, आणि एकेक जनरेटर मुकाट्याने थांबला. मासे शेवटचे. विजयेंद्र गुडघ्यांवर रांगत होता. नवव्या मिनिटाला तो ओरडला, "इथे! अम्मा, नळी लावा!"

नळी लावायला त्यांचा हात उठला नाही. त्यानेच धावत जाऊन त्यांचा जनरेटर सुरू केला आणि ती लावली.

संध्याकाळी वीज आली. सूचना फलकावर सर्व रहिवाशांच्या त्यागाचे आभार मानण्यात आले. सकवारबाई चार दिवसांनी हॉस्पिटलमधून परतल्या. (त्यांच्या नावाला फलकावर जागा उरली नव्हती.)

तुम्हाला या लोकांचा राग आला असेल. साहजिक आहे. त्या दुपारी आमच्यापैकी प्रत्येक घराला उरलेल्या एकतीस घरांचा असाच राग आला होता.