कट्ट्यावरचे गुडघे

काळुरामच्या धाकट्या लेकीचं, अठरा वर्षांच्या शालूचं लग्न खडवलीला झालं ते साल १९५३. अंगणातला मांडव उतरून महिना झाला नाही तोच कोपरच्या खाडीकाठच्या पाड्यातल्या म्हाताऱ्यांचे सांधे सरकारी कागदावर मोजले गेले.

म्हातारपण आणि सांधेदुखी ही जोडी देवानंच लावलेली आहे, असं पाड्याचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं मिठागराच्या खाऱ्या पाण्यात उभा राहिलेला माणूस साठीनंतर ताठ चालू लागला, तर तो तेवढी वर्षं नक्की कुठं उभा होता, असा प्रश्न पडतो. म्हणून देवळापुढचा उन्हाचा कट्टा सांधे धरलेल्यांसाठी राखून ठेवला होता. नियम लिहिलेले नव्हते (लिहिणारा पाड्यात नव्हता), पण सर्वांना पाठ होते. एक गुडघा दुखत असेल तर कडेला बसावं, दोन असतील तर मधे. दोन गुडघे, कंबर आणि एक मनगट असा भरभक्कम ऐवज बाळगणारा पंढरी भिंतीला टेकून बसे आणि बाकीचे त्याच्यानंतर खोकत. ज्याचं काहीच दुखत नाही त्यानं पिंपळाखाली तरण्या पोरांत उभं राहायचं.

कट्ट्याला कामही होतं. मिठाच्या राशी उघड्यावर असत. अवकाळी पाऊस आला की महिन्यांची मेहनत खाडीला परत. म्हणून मुकादम सहदेव रोज सकाळी येऊन गुडघ्यांचं मत घेई. बहुमतानं दुखलं की राशींवर गवत चढे. रेडिओवरचा अंदाज मुंबईचा असतो आणि गुडघे कोपरचे असतात, हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. (गुडघे दहातून चार वेळा खरे ठरत. उरलेल्या सहा वेळा पाऊस चुकलेला असे.)

काळुराम पंढरीच्या शेजारी बसे. त्याचा अंदाज दहातून नऊ वेळा खरा ठरे. अडचण एवढीच होती की काळुरामचं काहीही दुखत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी तो कुणी बघत नाहीसं पाहून बांधावरून उडी मारत असे. त्याची विद्या घरातली होती. पहाटे चुलीपुढं त्याची बायको आवडाबाई भाकरीचं पीठ मळायला बसे. ज्या दिवशी तिची बोटं सुजून लाल होत आणि मूठ वळत नसे, त्या दिवशी ती मनगटानं पीठ रगडी. ते बघितलं की काळुराम काठी घेई, उंबऱ्यापासूनच लंगडायला लागे आणि कट्ट्यावर जाऊन सांगे, आज गवत चढवा. आवडाबाईला त्यानं कधी काही विचारलं नाही. हवामानाला कुणी बरं वाटतंय का म्हणून विचारत नाही.

मग ठाण्याहून एक डॉक्टर आले. म्हाताऱ्या माणसांत सुजेचा संधिवात कितीजणांना, ते त्यांना मोजायचं होतं. कट्ट्यावरच्या एकतीसही जणांनी हात वर केले (ज्यांचे खांदे धरले होते त्यांचे शेजाऱ्यांनी केले). शंभरात शंभर हा आकडा वर पाठवता येत नाही, असं म्हणून डॉक्टर एकेकाला तपासू लागले. पंढरीचे गुडघे नुसते झिजलेले निघाले. झिजणं वेगळं आणि सूज वेगळी, हे ऐकून पंढरी इतका संतापला की काठी विसरून तरातरा घरी गेला. एकतीसांत खरी सूज एकाची निघाली.

काळुरामची पाळी आली तेव्हा तो नेहमीपेक्षा जास्त लंगडत पुढं आला. पिंपळाखालची पोरं त्याला जागा करून द्यायला सरकल्यासारखी दिसू लागली.

"आजोबा," डॉक्टर गुडघा वाकवून म्हणाले, "हा तर पंचविशीतला गुडघा आहे."

सहदेव म्हणाला, "मंग याला पाऊस कलतो कसा?"

तेवढ्यात आवडाबाई डॉक्टरांचा चहा घेऊन आली. कपाचा कान तिला धरवत नव्हता, म्हणून तिनं कपबशी दोन्ही तळव्यांत धरली होती. डॉक्टरांनी चहा बाजूला ठेवून तिचा हातच हातात घेतला. कट्टा एकमुखानं खोकला.

"कधीपासून आहे हे?"

"शालू झाली तवापासून."

"सकाळी किती वेळ आखडतात बोटं?"

"भाकऱ्या होईस्तोवर."

"मग कट्ट्यावर का नाही आलात?"

"बसाया टायम कुठं हाय?"

डॉक्टरांनी कागद बघितला. कट्ट्यावर एकही बाई नव्हती, म्हणून कागदावरही नव्हती. ते घरोघर फिरले. बावीस म्हाताऱ्या बायकांत पाचजणींचे हात तसेच निघाले. चौघी त्या वेळी कामात होत्या. पाचवी, ठमाबाई, म्हणाली की हे दुखणं नाही, वय आहे.

पाड्यानं काळुरामचा न्याय विचारपूर्वक केला. अंदाज त्याच्या घरातून येतो, तेव्हा जागा घराची. तो आवडाबाईच्या हातांच्या वतीनं कट्ट्यावर कायम राहिला. आवडाबाईलाही मान मिळाला. सहदेव रोज पहाटे तिच्या दारात येऊन मूठ बघू लागला आणि ती त्याला चहा करून देऊ लागली. सहदेव गेला की काळुराम पीठ मळायला बसे. दार लावून.

वाचणाऱ्याचं हसून झालं असेल तर त्यानं एक करावं. आज सकाळचा चहा आपल्या हातात कुणी दिला आणि कप कसा धरून दिला, ते आठवून बघावं. काळुरामला अठरा वर्षं रोज दिसत होतं.

आवडाबाई १९५८ सालच्या मार्गशीर्षात वारली.